काचेचे दोर, रेझिनची आंघोळ आणि ओढून काढलेले पूल

बहुतेक कारखान्यांत माल नगावर मोजतात. पलट्रूजनच्या, म्हणजे भिजलेले तंतू ओढून सलग माल काढणाऱ्या यंत्राला नग ही गोष्टच ठाऊक नाही. एक चॅनेल, एक नळी किंवा एक सळई सुरू होते आणि करवत लागेपर्यंत संपतच नाही. मिनिटाला अर्धा मीटर अशा संथ चालीनेही चोवीस तासांत ७२० मीटर माल बाहेर पडतो. त्याचे सहा किंवा बारा मीटरचे तुकडे पाडतात, कारण ट्रक आणि कंटेनर तेवढेच लांब असतात. यंत्राकडून लांबीला कसलीच मर्यादा नाही.

या यंत्रातून जे निघतं ते बाजारात सरसकट ‘फायबर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्याच घराण्यातलं: काचेचे किंवा कार्बनचे तंतू आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारं रेझिन. बागेतली घसरगुंडी आणि मोटारबोटीचा सांगाडाही फायबरचाच, पण तिथे तंतूंच्या चटया किंवा बारीक तुकडे साच्यात थापलेले असतात. पलट्रूजनमध्ये लांबीच्या दिशेचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आणि ताणलेले असतात. या पद्धतीचं सगळं कौतुक आणि तिची सगळी दुखणी या एका गोष्टीतून निघतात.

मागून ढकलायचं नाही

चकलीच्या सोऱ्यात पीठ मागून दाबतात. ॲल्युमिनिअमच्या खिडकीची सेक्शन बनवतानाही गरम धातू मागून रेटतात. इथे मागून कुणीच रेटत नाही, सगळा जोर पुढे लावलेला असतो. दोर ढकलून पुढे जात नाही, ओढावाच लागतो, आणि हे ओळखूनच सगळं यंत्र रचलेलं आहे.

लाइनच्या अगदी मागे क्रील असतो, म्हणजे काचतंतूंच्या गुंडाळ्यांनी भरलेली मांडणी. एकेका गुंडाळीतून निघणाऱ्या दोराला रोव्हिंग म्हणतात आणि एका रोव्हिंगमध्ये हजारो तंतू असतात. किती रोव्हिंग लागतात याचा हिशेब मजेदार आहे. शंभर मिलिमीटर रुंद, दहा मिलिमीटर जाड अशी साधी पट्टी काढायची आहे आणि तिच्या छेदाचा अर्धा भाग काचेने भरायचा आहे असं धरू. ४८०० टेक्सचं रोव्हिंग, म्हणजे ज्याच्या एक किलोमीटरचं वजन ४८०० ग्रॅम भरतं ते, जेमतेम १.८८ चौरस मिलिमीटर जागा व्यापतं. म्हणजे एवढ्याशा पट्टीसाठी सुमारे २६५ दोर एकाच वेळी, एकाच ताणात यायला हवेत. लाइन पहिल्यांदा लावताना हा प्रत्येक दोर त्याच्या भोकातून हाताने ओवावा लागतो. हे काम चिकाटीचं आहे आणि ज्या माणसाला ते नीट जमतं त्याच्यावर पुढचा सगळा माल अवलंबून असतो.

दोर मग रेझिनच्या टाकीत बुडतात आणि भिजून, निथळून पुढे सरकतात. वाटेत त्यांना काचतंतूंच्या चटया येऊन मिळतात, कारण नुसत्या उभ्या तंतूंचा माल आडव्या भाराने उभा चिरतो. सगळ्यांत वरून एक पातळ पापुद्रा चढतो, त्याला व्हेल म्हणतात. तो पृष्ठभागावर रेझिनचा थर राखतो, त्यामुळे काचेचे तंतू वर डोकावत नाहीत. चांगला चॅनेल हाताला गुळगुळीत लागतो तो याच पापुद्र्यामुळे.

सगळं नाट्य एका मीटरमध्ये

यानंतर येते डाय. क्रोम चढवलेल्या पोलादाचा हा बंद बोगदा साधारण एक मीटर लांब आणि बाहेरून हीटरने तापवलेला. या तोंडाला ओले, ठिबकणारे दोर आत शिरतात आणि त्या तोंडाने टणक चॅनेल बाहेर पडतो. मधल्या मीटरभरात रेझिन आधी पातळ होतं, मग जेलीसारखं घट्ट होतं, मग कायमचं कडक होतं. कडक होताना ते स्वतःच उष्णता सोडतं, त्यामुळे मालाचा गाभा काही वेळ डायपेक्षाही जास्त तापतो. जाड मालात ही उष्णता आवरली नाही तर आतून तडे जातात.

माल डायला चिकटून का बसत नाही? पॉलिएस्टर रेझिन कडक होताना आकसतं, म्हणून माल भिंतीपासून किंचित सुटतो, हे एक कारण. दुसरं असं की साचा सोडवणारा पदार्थ रेझिनमध्येच मिसळलेला असतो. बंद बोगद्याच्या आत शिरून तेल फासणार तरी कोण!

डायच्या पुढे थोडी मोकळी जागा ठेवतात, म्हणजे माल निवतो. मग दोन पकडी पाळीपाळीने काम करतात: एक पकडून ओढते तोवर दुसरी मागे येऊन पुढची पकड घेते. त्यामुळे ओढ क्षणभरही थांबत नाही. मोठ्या मालाला काही टनांचा जोर लागतो. शेवटी करवत येते, आणि तीही जागच्या जागी कापत नाही. माल चालता असल्यामुळे करवतीची गाडी मालाला धरून त्याच्याच वेगाने पुढे सरकते आणि चालता चालता कापते. काच साधं पातं बघता बघता बोथट करते, म्हणून हिऱ्याची कणी बसवलेलं पातं लावतात. काचेच्या धुळीने अंगाला खाज सुटते. पाणी मारून किंवा धूळ खेचून कापणारा कारखाना कामगारांची काळजी घेणारा समजावा.

या लाइनला सगळ्यांत मोठी धास्ती थांबण्याची. डाय गरम, आत भिजलेले दोर आणि ओढ बंद पडली, की आतलं रेझिन जागेवर कडक होऊन बसतं. मग तो गोळा बाहेर काढायला तास न् तास जातात, कधी डायही खरवडली जाते. म्हणूनच ही लाइन दिवसरात्र चालवणं परवडतं.

पोलादाशी सामना

एक घनसेंटिमीटर पोलादाचं वजन ७.८५ ग्रॅम. पलट्रूजनच्या काच-फायबरचं साधारण दोन ग्रॅमच्या आतबाहेर. मघाच्या पट्टीचा मीटरभर तुकडा दोन किलोचा, तर तसाच पोलादाचा जवळपास आठ किलोचा. लांबीच्या दिशेने ताणलं तर चांगला फायबर प्रोफाइल साध्या बांधकामाच्या पोलादाला सहज तोडीस तोड उतरतो. नुसत्या उभ्या तंतूंच्या सळया तर त्याच्याही पुढे जातात.

पण एका बाबतीत पोलाद कितीतरी वरचढ आहे: ताठपणा. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २०० गिगापास्कल. पलट्रूजनच्या प्रोफाइलसाठी २००२ मध्ये युरोपीय मानक आलं, ईएन १३७०६. त्यातल्या दोन प्रतींची नावंच ई१७ आणि ई२३ आहेत, कारण त्यांचा गुणांक किमान १७ आणि २३ गिगापास्कल असावा लागतो. त्यामुळे फायबरचा पूल बांधणारा इंजिनिअर तो तुटेल का याची चिंता नंतर करतो. किती लवेल, हे तो आधी तपासतो. म्हणूनच फायबरचे बीम पोलादाच्या बीमपेक्षा उंच, पोकळ आणि जास्त खणांचे असतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात पुलांसाठी ३६ इंच उंचीचा बीम सलग ओढून काढला जातो. छत्तीस इंच उंच आकार एका डायमधून!

आडव्या दिशेने बळ खूपच कमी. भोक पाडून नटबोल्ट लावला की तिथले तंतू तुटतात आणि सांधा हा सगळ्यांत हळवा भाग ठरतो. लोखंडाचं डिझाइन जसंच्या तसं उचलून फायबरमध्ये करणारे इथेच फसतात.

सुरुवात एका गळाच्या काठीपासून

ओहायोमधल्या रेझिन उद्योगात काम करणारे संशोधक आर्थर होवाल्ड यांची बांबूची मासेमारीची काठी मोडली. दुसऱ्या महायुद्धामुळे आशियातून येणारा बांबू मिळेना. त्यांनी काचतंतू लांबीच्या दिशेने लावून, रेझिनमध्ये बसवून नवी काठी बनवली. त्या तंत्रावर शेक्सपिअर कंपनीने ‘वंडररॉड’ बाजारात आणला आणि गळाच्या काठ्यांचं जगच बदललं. अखंड तंतूंच्या काठीचं पेटंट १९५१ मध्ये मिळालं. पुढे कॅलिफोर्नियाच्या ब्रँट गोल्ड्सवर्दी यांनी सलग माल काढणारं यंत्र घडवलं आणि १९५९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कंपोझिटच्या क्षेत्रात त्यांचं नाव आजही मोठ्या आदराने घेतात.

तुमच्या आसपास लपलेलं

विजेच्या खांबावर काम करणाऱ्याची पिवळी किंवा केशरी शिडी पाहा. तिच्या दोन्ही बाजूचे उभे चॅनेल ओढून काढलेले असतात. ॲल्युमिनिअमची शिडी जिवंत तारेला टेकली तर माणूस जातो. काच-फायबर वीज वाहत नाही.

घरात इंटरनेट आणणाऱ्या ऑप्टिकल फायबर केबलचं टोक कधी सोललेलं दिसलं तर आत एक ताठ, न वाकणारी काडी सापडते. अनेक केबलमध्ये ही काडी पलट्रूजनची असते. ओढताना केबलचा ताण ती स्वतःवर घेते, म्हणून काचेचा नाजूक धागा वाचतो. धातू नसल्यामुळे विजांच्या मोसमातही ती निर्धोक.

रेल्वेच्या ओव्हरहेड तारांवर आणि हायटेन्शनच्या टॉवरवर आता चिनीमातीच्या जागी सिलिकॉन रबराच्या छत्र्या असलेले इन्सुलेटर दिसतात. रबर फक्त वरचं कातडं. तारेचा सगळा भार आतली बोटाएवढी फायबरची दांडी पेलते. या दांड्यांनी पूर्वी इंजिनिअरांना एक धडा दिला. आत ओल शिरली आणि विजेच्या ठिणग्यांमुळे नायट्रिक आम्ल तयार झालं, की साध्या काचेचे तंतू एकेक करून तुटत आणि दांडी अचानक साफ कापल्यासारखी मोडे. उपाय काचेतच निघाला: बोरॉन नसलेली, आम्लाला दाद न देणारी काच.

कोरड्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत हवा खेळती राहावी म्हणून दोन थरांमध्ये छोट्या पट्ट्या खोचतात. त्यांच्या छेदाच्या आकारावरून कारखान्यात त्यांना ‘डॉगबोन’ म्हणतात. त्याही पलट्रूजनच्या. शिवाय तंबूच्या काठ्या, सरावाचे बाण, थर्ड रेलमधून वीज घेणाऱ्या मेट्रोतलं त्या रुळावरचं संरक्षक झाकण, कूलिंग टॉवरचा सांगाडा, रासायनिक कारखान्यातल्या चालण्याच्या जाळ्या. खिडक्यांच्या चौकटीही, कारण काच आणि काच-फायबर उन्हात जवळपास सारखेच प्रसरण पावतात आणि सांधा सैल होत नाही.

जपानमध्ये रुळांखालचे स्लीपरही असेच घडतात. सेकिसुई कंपनी लांब काचतंतू आणि फेसाळलेलं पॉलियुरेथेन एकत्र ओढून लाकडासारखा ठोकळा काढते. तो करवतीने कापता येतो, त्याला भोक पाडता येतं, पण तो कुजत नाही. १९८० पासून हे स्लीपर तिथल्या रेल्वेत वापरून पाहायला सुरुवात झाली. पूल आणि बोगद्यांत, जिथे स्लीपर बदलणं सगळ्यांत अवघड, तिथे त्यांची खरी किंमत कळते.

विद्यार्थ्यांनी उभा केलेला पूल

या सगळ्या प्रकारात मला सर्वांत आवडते ती ॲबरफेल्डीची गोष्ट. स्कॉटलंडमधलं हे छोटं गाव. तिथल्या गोल्फ क्लबला टे नदीच्या पलीकडे जायला पादचारी पूल हवा होता. १९९२ मध्ये तो उभा राहिला: एकूण ११३ मीटर, मधला गाळा ६३ मीटर. मनोरे आणि तळ काच-फायबरच्या पलट्रूजनचे, आणि त्यांना धरणाऱ्या तारा केव्हलार जातीच्या तंतूंच्या. एकमेकांत सरकवून चिकटवायचे पोकळ खण इतके हलके होते की डंडी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मोठ्या क्रेनशिवाय पूल जोडला. एवढा मोठा, जवळपास संपूर्ण कंपोझिटचा पूल जगात त्याआधी नव्हता.

स्वित्झर्लंडमधल्या पोंट्रेसिनाचा पूल तर दरवर्षी ये-जा करतो. १९९७ चा हा पादचारी पूल साडेबारा मीटरच्या दोन गाळ्यांचा. वसंतात बर्फ वितळून नदी फुगते, तेव्हा तो काढून ठेवतात आणि पाणी उतरलं की परत बसवतात. दोन्ही गाळ्यांचं मिळून वजन सुमारे ३.३ टन, म्हणून हेलिकॉप्टरने उचलणं शक्य झालं. त्यात एक प्रयोगही दडवलेला आहे: एक गाळा नटबोल्टने जोडला आणि दुसरा चिकटवून. एकाच नदीवर, एकाच थंडीत दोन्ही प्रकारचे सांधे कसे टिकतात ते वर्षानुवर्षं पाहता यावं म्हणून. चिकटवलेल्या सांध्याला भोकं लागत नाहीत आणि भार मोठ्या भागावर पसरतो. फायबरला तेच मानवतं, असं माझं ठाम मत आहे.

डेन्मार्कच्या कोल्डिंगमध्ये १९९७ मध्ये रेल्वेमार्गावर ४० मीटरचा फायबरचा पादचारी पूल चढवला. गाड्या फार वेळ थांबवता येत नव्हत्या, म्हणून काम रात्रीच्या थोड्या तासांत उरकायचं होतं आणि हलका पूल तिथे कामी आला. स्पेनच्या येइदा शहरात २००१ मध्ये ३८ मीटरची कमान रेल्वेमार्गावर उभी राहिली. फायबरवर विद्युतचुंबकीय परिणाम होत नाही, हे ती निवडण्याचं एक कारण.

बाझेलमध्ये १९९९ च्या बांधकाम प्रदर्शनासाठी तर पाच मजली, १५ मीटर उंच इमारतच याच प्रोफाइलांची बांधली. तिचं नाव आयकॅचर. प्रदर्शन संपल्यावर ती उलगडून शहरात दुसरीकडे पुन्हा उभी केली.

काळ्या तंतूची करामत

काचेऐवजी कार्बन ओढला की ताठपणाची उणीव बरीचशी भरून निघते. खिसा मात्र हलका होतो.

कार्बनवर पुलांच्या इंजिनिअरांचा विश्वास कसा बसला, तेही स्वित्झर्लंडमध्येच घडलं. ल्युसर्नजवळच्या इबाख पुलावर सिग्नल बसवताना भोक पाडलं गेलं आणि आतली ताणलेली पोलादी तार कापली गेली. दुरुस्तीसाठी पोलादाच्या १७५ किलो पट्ट्या लागल्या असत्या. १९९१ मध्ये एम्पा संस्थेच्या उर्स मायर यांच्या पुढाकाराने तिथे कार्बनच्या पट्ट्या चिकटवल्या. त्यांचं वजन होतं ६.२ किलो! आज जुन्या स्लॅब आणि बीमना बळकटी देणाऱ्या तयार कार्बन पट्ट्या पलट्रूजननेच निघतात.

मायर तिथे थांबले नाहीत. १९९६ मध्ये विंटरटूरच्या श्टोर्खेनब्र्यूके या पुलाच्या चोवीस केबलपैकी दोन कार्बनच्या लावल्या. प्रत्येक केबलमध्ये पाच मिलिमीटर व्यासाच्या २४१ तारा. अडचण होती टोकाशी. पोलादी तार जबड्यात आवळून धरता येते, कार्बनची तार आडव्या दाबाने चिरडते. म्हणून टोकाला शंकूच्या आकाराची बैठक करून तिच्यात सिरॅमिकचे कण आणि रेझिन अशा प्रमाणात भरले की पकड एकदम न बसता हळूहळू घट्ट होत जाते. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी युक्ती हीच.

विजेच्या वाहक तारांतही कार्बन शिरला आहे. एसीसीसी नावाच्या तारेत पोलादी गाभ्याऐवजी पलट्रूजनचा कार्बन गाभा असतो. तार तापली तरी तो जवळजवळ लांबत नाही, म्हणून तार कमी लोंबते आणि त्याच टॉवरवरून बरीच जास्त वीज नेता येते. भारतातही अशा तारा वापरात आहेत. गाभ्याभोवती काचतंतूंचं वेष्टन असतं आणि त्याला कारण आहे: कार्बन आणि ॲल्युमिनिअम एकमेकांना थेट टेकले की ॲल्युमिनिअम झिजायला लागतं.

पवनचक्कीचं पातं शंभर मीटरच्या पुढे गेलं तेही अशाच बळावर. पात्याच्या कण्यात सगळा भार लांबीच्या दिशेने, म्हणजे पलट्रूजनची हक्काची जागा. व्हेस्टाज कंपनीने ओढून काढलेल्या सपाट कार्बन पट्ट्या एकमेकींवर रचून कणा करण्याची पद्धत रुजवली.

आणि वक्र आकार? जर्मनीच्या थॉमस कंपनीने त्यावर उलटा विचार केला: मालाऐवजी डायच हलवायची. डाय ठरावीक कमानीत सरकते आणि मागे वाकलेला माल तयार होत जातो. २०२० च्या शेवरोले कॉर्व्हेटच्या मागच्या बंपरमधला कार्बनचा वक्र, पोकळ बीम असाच निघाला.

काँक्रीटच्या पोटात

कोकणपट्टीत, मुंबईत आणि गोव्यात समुद्राजवळचं काँक्रीट का फुटतं हे सगळ्यांना माहीत आहे. खारं वारं आत शिरतं, सळई गंजून फुगते, वरचा थर सुटतो. काच-फायबरची सळई गंजतच नाही. तिच्यावर वाळू चिकटवतात किंवा दोरा पिळून गुंडाळतात, म्हणजे काँक्रीट तिला धरतं. काँक्रीटमधल्या क्षारांचा काचेला त्रास होतो, म्हणून रेझिन आणि काच दोन्ही निवडून घ्यावी लागतात. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये या सळयांसाठी आयएस १८२५६ हे वेगळं मानक काढलं. आपल्या लांब किनाऱ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. काचतंतूंचे कारखाने तर नवी मुंबईजवळ तळोज्याला आणि गोव्यात कोलवाळला उभे राहिलेच होते.

मेट्रोच्या बोगद्यांत या सळईचा उपयोग उलट कारणाने होतो. बोगदा खणणारं अजस्र यंत्र ज्या काँक्रीटच्या भिंतीतून घुसणार असतं, तेवढ्या गोलात लोखंडाऐवजी फायबरच्या सळया घालतात. लांबीला त्या मजबूत, पण आडवं कापायला मऊ, म्हणून यंत्राचे दात भिंत चावून थेट पुढे जातात. एमआरआयच्या खोलीतही या सळया घालतात, कारण तिथल्या चुंबकाजवळ लोखंड चालत नाही.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेल्या स्वस्त मालावरचं रेझिन झिजतं आणि काचेचे तंतू उघडे पडून हाताला टोचतात. एकदा कडक झालेलं पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी परत वितळत नाही, त्यामुळे जुना माल भंगारात सहज जात नाही. जर्मनीत पवनचक्कीच्या पात्यांचे तुकडे सिमेंटच्या भट्टीत टाकतात: रेझिन इंधन म्हणून जळतं आणि काच सिमेंटच्या कच्च्या मालात मिसळते. फायबरची सळई साइटवर वाकवता येत नाही, हे तर बार-बेंडिंग करणारा कामगार पहिल्याच दिवशी सांगतो. कोपरे आणि रिंगा कारखान्यातूनच मागवाव्या लागतात. परत न वितळणं आणि न वाकणं, या दोन्ही अडचणींवर फ्रान्सच्या आर्केमा कंपनीने एलियम नावाचं रेझिन आणलं आहे. टाकीत ते पातळ असतं, नेहमीच्या लाइनवर चालतं, पण कडक झाल्यावरही तापवलं की पुन्हा मऊ होतं. त्याची सळई गरम करून वाकवता येते.